नाकाचा सूड

साबणाच्या कारखान्यात वास घेण्याची नोकरी असते, हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. वासमावशींच्या नणंदेलाही पटलं नव्हतं. "म्हणजे दिवसभर नुसतं हुंगायचं? आणि त्याचा पगार देतात?" असं तिनं भर जेवणाच्या टेबलावर विचारलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली, पण मावशींनी तो प्रश्न अजून माफ केलेला नव्हता. माफ न केलेल्या गोष्टींचा मावशींकडे मोठा साठा होता, आणि तो त्यांना वासांइतकाच तारीखवार पाठ होता.

कारखान्याच्या दुसऱ्या मजल्यावर वासाची खोली होती. पांढऱ्या फरशा, कधीही न उघडणारी एक खिडकी, वास टिपायच्या कागदी पट्ट्यांचा गठ्ठा आणि मधोमध एक उंच गोल स्टूल. प्रत्येक लॉटमधल्या तीन वड्या मावशींसमोर यायच्या. त्या सुरीनं वडी खरवडायच्या, हुंगायच्या आणि चिठ्ठीवर सही करायच्या. सही झाली की वडी बाजारात, नाही झाली तर परत कढईत. वासामागून वास घेताना नाक गोंधळतं, म्हणून मध्ये स्वतःच्या कोपराच्या खळगीत नाक खुपसून दोन श्वास घ्यायचे, ही त्या कामाची रीत. मावशींच्या आधी त्या स्टुलावर बसणाऱ्या म्हाताऱ्यानं त्यांना ती शिकवली होती. "आपला वास आपल्या ओळखीचा असतो. तो घेतला की नाक पुन्हा कोरं होतं," असं तो म्हणायचा. मावशी दिवसातून दोन-अडीचशे वेळा आपल्या करड्या स्वेटरच्या बाहीत नाक खुपसत. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई उठल्याबसल्या लाजतायत.

दोन वर्षांपूर्वी एकाच आठवड्यात दोन नवी मंडळी मावशींच्या आयुष्यात आली.

पहिला कारखान्यात आला. तो नवा केमिस्ट होता. दर तिसऱ्या वाक्याला "आमच्या विद्यापीठात" म्हणायचा, म्हणून पॅकिंगच्या बायकांनी त्याचं नाव पदवीधर ठेवलं. वासाच्या खोलीत पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं स्टुलाकडे, पट्ट्यांकडे आणि मावशींच्या नाकाकडे पाहून विचारलं, "मावशी, याचं मोजमाप काय?"

"कशाचं?"

"नाकाचं. म्हणजे चूक किती टक्के होते?"

मावशींनी तारीख मनात टिपून ठेवली.

दुसरं आलं ते घरी. टपाल खात्यातून नुकत्याच निवृत्त झालेल्या त्यांच्या नवऱ्याला वेळ जात नव्हता, म्हणून तो एक तांबूस मांजराचं पिल्लू घेऊन आला. "अहो, हे काय आणलंत?" म्हणून मावशी ओरडल्या, आणि आठ दिवसांत ते पिल्लू त्यांच्या मांडीवरून उठेना. नवरा भला माणूस होता, पण त्याला कुणाचा राग यायचा नाही, त्यामुळे बोलायला निरुपयोगी. मांजर मात्र ऐकून घ्यायचं. रोज संध्याकाळी मावशी त्याला छातीशी धरायच्या, त्याच्या मानेच्या मऊ केसांत तोंड घालायच्या आणि पदवीधरानं त्या दिवशी काय काय केलं, त्याला काय शिक्षा व्हायला हवी, हे सविस्तर सांगायच्या. मांजर गुरगुरून अनुमोदन द्यायचं. रात्रभर ते दाराजवळच्या खुर्चीवर, मावशींच्या करड्या स्वेटरची गादी करून झोपायचं.

त्याच हिवाळ्यात मावशींचं नाक बिघडायला लागलं. आधी सकाळी ओळीनं अकरा-बारा शिंका. मग डोळ्यांना खाज. मग नाक बंद, कधी डावं, कधी उजवं, जणू पाळ्या लावून घेतल्यासारखं. वर्षभरात तीनदा गालांत आणि कपाळात असं ठणकलं की खाली वाकलं तर डोकं पायांवर गळून पडेल असं वाटावं. नाकातून पिवळं घट्ट काहीतरी यायचं, तोंडाला घाण चव राहायची. मावशींनी औषधांच्या दुकानातून नाक मोकळं करणारे थेंब आणले. दोन तास स्वर्ग, पुढे पुन्हा कुलूप. मग पुन्हा थेंब. सात महिने हा उद्योग चालला.

कारण मावशींना पक्कं ठाऊक होतं. पदवीधरानं शेजारच्या खोलीत पावडर दळायचं यंत्र बसवलं होतं. "तोच माझ्या नाकात भुकटी घालतोय," त्यांनी मांजराच्या मानेत तोंड खुपसून सांगितलं आणि सात शिंका दिल्या. "बघ! नुसतं नाव काढलं तरी शिंका येतात मेल्याच्या!"

व्हायचं ते झालं. गुलाबाच्या साबणाचा एक अख्खा लॉट मावशींच्या सहीनं बाहेर गेला आणि दुकानांतून परत आला. वरून गुलाब, आत जुन्या तेलाचा खवट वास. पदवीधरानं चौकशी मागितली, आणि चौकशी म्हणजे काय, तर पॅकिंगच्या हॉलमध्ये साठ माणसांसमोर मावशींच्या डोळ्यांवर रुमाल बांधून नाकाखाली एक वाटी धरली.

मावशींनी हुंगलं. काहीच नव्हतं. भिंत हुंगावी तसं. पण सव्वीस वर्षांची अब्रू गप्प बसू देईना. "लिंबू," त्या ठामपणे म्हणाल्या.

वाटीत फिनेल होतं.

हसण्याचा जो आवाज झाला तो मावशींना पुढे कित्येक दिवस ऐकू येत राहिला. पदवीधर हसला नाही. त्यानं फक्त वहीत काहीतरी लिहिलं, आणि मावशींच्या मते ते हसण्यापेक्षा वाईट होतं. दुसऱ्या दिवसापासून मावशी खाली खोके मोजायला बसल्या. वर त्यांच्या स्टुलाच्या जागी पदवीधराच्या फायली बसल्या.

"त्याला मी त्याच हॉलमध्ये उभा करीन," मावशींनी मांजराला सांगितलं. "साठ माणसांसमोर. त्याच रुमालानं."

"अगं, जाऊ दे ना," नवरा आतून म्हणाला.

"तुम्ही गप्प बसा हो. तुम्हाला कुणी फिनेल हुंगायला लावलं नाही."

सात आठवडे खोके मोजल्यावर मावशींच्या सुडाला हात-पाय फुटले. वासाच्या खोलीतल्या कपाटात एक लहान बाटली असे. तिच्यात मुद्दाम जुनं केलेलं, पुरतं खवटलेलं तेल होतं. वाईट म्हणजे किती वाईट, हे नवशिक्या नाकांना कळावं म्हणून ठेवलेला तो नमुना. शिकवताना पट्टीवर दोन थेंब पुरत. जेवणाच्या सुट्टीत मावशी वर गेल्या. खोलीत कुणी नव्हतं आणि खुंटीवर पदवीधराचा पांढरा कोट लटकत होता. कॉलरच्या शिवणीत दोन थेंब, एवढाच बेत. म्हणजे दिवसभर हा जिथे जाईल तिथे लोक नाक मुरडतील आणि ते का, हे याला कळणार नाही.

त्यांनी दोन थेंब टाकले. आणि सव्वीस वर्षांच्या सवयीनं हुंगून पाहिलं.

काही नाही.

आता इथे दुसरं कुणी असतं तर दोन थेंब मोजून निघून गेलं असतं. पण वास घेणारी माणसं थेंबांवर विश्वास ठेवत नाहीत, नाकावर ठेवतात. वास येईपर्यंत टाकायचं, हा त्यांचा धर्म. मावशींनी आणखी दोन टाकले, कोपरात नाक खुपसून कोरं केलं, हुंगलं. काही नाही. आणखी चार. कोपर. काही नाही. "तेल उतरलंय वाटतं," त्या पुटपुटल्या आणि पदवीधराला नमुन्याची बाटलीसुद्धा नीट ठेवता येत नाही म्हणून त्याच्यावर नव्यानं चिडल्या. शेवटी बाटली रिकामी झाली. कॉलर, बोटं आणि प्रत्येक वेळी हातानं सावरलेली स्वेटरची बाही, सगळं तेलात न्हालं. मावशी निराश होऊन खाली आल्या आणि खोके मोजायला लागल्या.

चिकटपट्टी लावणारी बाई आधी दोन खुर्च्या सरकली. मग उठूनच गेली. शेजारची पदर नाकाला लावून म्हणाली, "मावशी, तुम्हाला बरं आहे ना?"

"मला काय धाड भरलीय?" मावशी म्हणाल्या. "तुम्ही सगळ्या अशा का बघताय? वास-बिस येतोय का कसला?"

एवढ्यात मॅनेजर आले. मागे नुसत्या शर्टातला पदवीधर. त्याचा कोट कुणीतरी काठीला लावून आवारात नेला होता.

"मावशी," मॅनेजर चार हात लांबूनच म्हणाले, "याच्या कोटाला वास येतोय."

"असेल. माणसाचा गुण कपड्यात उतरतो."

"तुम्हाला त्याहून जास्त येतोय."

मावशींनी आपल्या बाहीकडे पाहिलं. मग साठ माणसांकडे पाहिलं. सगळ्यांना कळत होतं ते फक्त त्यांनाच कळत नव्हतं, आणि गुन्हेगार म्हणून पकडलं जाण्यापेक्षा ते त्यांना जास्त झोंबलं.

मॅनेजर वाईट नव्हते. "एक महिना देतो," ते म्हणाले. "नाकाच्या डॉक्टरकडे जा. महिन्यानं बारा पट्ट्यांची परीक्षा. बाराच्या बारा आल्या तर स्टूल तुमचं. एक जरी चुकली तर घरी बसा, आणि हा कोट मी विसरतो."

नाकाची डॉक्टर ही चाळिशीची, झरझर बोलणारी बाई होती. तिनं नळीतून मावशींच्या नाकात बराच वेळ पाहिलं, जणू भाड्यानं घ्यायचं घर बघतेय.

"कोण करतंय हे, तेही मला माहीत आहे," मावशी म्हणाल्या. "फक्त लिहून द्या."

"आधी नाकाचं ऐकू, मग तुमचं. हे बघा मावशी, नाक म्हणजे दोन भोकं नव्हेत. दाराशी केस आहेत, ते मोठा कचरा अडवतात. आत चिकट थर आहे, धूळ नि जंतू त्यात अडकतात. आणि त्या थराखाली डोळ्यांना न दिसणारे लाखो झाडू आहेत. ते रात्रंदिवस तो थर घशाकडे ढकलत असतात. तो आपण नकळत गिळतो."

"शी!"

"शी कसली? पोटातलं आम्ल जंतूंचा निकाल लावतं. तुम्ही न सांगता, पगार न घेता ही फौज काम करते. पण तुमच्या फौजेचा एक घोटाळा आहे. एका निरुपद्रवी गोष्टीला ती दरोडेखोर समजते. ती आत आली की बोंबाबोंब. शिंका, पाणी, सूज. गालांत नि कपाळात हाडांच्या पोकळ खोल्या आहेत, त्यांची दारं मुळातच काडीएवढी. सूज आली की दारं बंद. झाडू मारायला वाट नाही. आत सगळं साचतं, आणि मग खरे जंतू तिथे आरामात संसार थाटतात. म्हणून ते ठणकणं आणि पिवळं. वास ओळखायची जागा वर, छताजवळ असते. तिथवर हवाच पोचत नाही."

"म्हणजे खोट्या चोरावर धावली आणि खरा आत शिरला?"

"अगदी."

"मूर्ख आहे माझी फौज," मावशी म्हणाल्या. मग थेंबांची बाटली काढून दाखवली.

"सात महिने?" डॉक्टरीण किंचाळलीच. "तीन-चार दिवसांवर घालायचे नसतात हे! पुढे नाक सूड उगवतं. थेंब उतरले की दुप्पट सुजतं."

सूड म्हटल्यावर मावशींना आपल्या नाकाबद्दल इतक्या दिवसांत प्रथमच आदर वाटला.

मग डॉक्टरणीनं दंडावर ओळीनं थेंब ठेवून सुईनं टोचलं. धूळ, परागकण, बुरशी आणि मावशींच्या आग्रहाखातर पुडीत आणलेली पदवीधराची पावडरसुद्धा. पंधरा मिनिटं थांबले. पावडरीच्या जागी काहीच आलं नाही. मावशींनी दंड उजेडात धरून पुन्हा पाहिलं. तरीही नाही. पण शेवटच्या ठिपक्यावर लालबुंद, मोठी गांधी उठली होती.

"मांजर आहे का घरी?" डॉक्टरणीनं विचारलं.

घरी येताना मावशी वाटभर हिशेब जुळवत होत्या. दोन वर्षं त्या ज्याच्या मानेत तोंड घालून पदवीधराविरुद्ध कट शिजवत होत्या, तोच आरोपी निघाला होता. आणि त्याच्या केसांनी भरलेली बाही त्या दिवसातून अडीचशे वेळा, नाक कोरं करायला म्हणून, हुंगत होत्या. दारात मांजर वाट बघत बसलं होतं. ते शेपटी उभारून आलं.

"गद्दार," मावशी म्हणाल्या, आणि रडल्या. मग शिंकल्या.

पण सुडाची वस्तू वाया घालवणाऱ्यांपैकी त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी मांजर टोपलीत घालून नणंदेकडे रवाना झालं. नणंदेनं नुकताच नवा मखमली सोफा घेतला होता. तिला मांजर आवडायचं, तिचं नाक दगडाचं होतं, आणि मांजराला मखमल आवडायची. महिन्याभरात सोफ्याची काय दशा झाली ते नवऱ्यानं येऊन सांगितलं तेव्हा मावशींनी फार वाईट वाटल्याचा चेहरा केला. "नुसतं ओरबाडायचं, आणि त्याचं जेवण मिळतं," त्या म्हणाल्या.

स्वेटर गेला, जुनी गादी गेली, पडदे उकळून निघाले. सकाळ-संध्याकाळ मावशी मोरीत वाकून, उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्यानं नाक धुवायच्या. एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर. नवरा दाराशी उभा राहून "कमालच आहे बुवा नळकामाची" म्हणायचा. डॉक्टरणीनं थेंब बंद करून एक फवारा दिला होता. तो हळू चालतो, धीर धरा, असं तिनं बजावलं होतं. पहिले दहा दिवस काही झालं नाही. थेंबांवाचून नाक इतकं सुजलं की मावशी उघड्या तोंडानं झोपत आणि उठल्या की जीभ लाकडाची. सोळाव्या दिवशी सकाळी त्या स्वयंपाकघरात एकदम थबकल्या.

"अहो, दूध करपतंय."

"कुठे? मी गॅस बंद केलाय."

"आपलं नाही. शेजारचं."

मग मावशींनी घरभर फिरून सगळं हुंगलं. पुस्तकं, किल्ल्या, चपला, नवरा. "तुम्ही साबण बदललात," त्या करवादल्या. "दुसऱ्या कारखान्याचा आहे."

परीक्षेच्या दिवशी वासाच्या खोलीत मॅनेजर यादी घेऊन बसले. पट्ट्या पदवीधरानंच तयार केल्या होत्या. मावशी उभ्याच राहिल्या. धुतलेल्या सुती बाहीत नाक खुपसून त्या एकेक पट्टी घेत गेल्या आणि मॅनेजर एकेक बरोबरची खूण करत गेले. सातव्या पट्टीला त्या थांबल्या. बाहीत नाक. पुन्हा पट्टी.

"गुलाब," त्या म्हणाल्या. "आणि त्याच्याखाली खवट. अजून कोवळा आहे, पण आठवड्याभरात दुकानात उभा राहील."

मॅनेजरांनी यादी पाहिली. "इथे लिहिलंय, गुलाब, चालू लॉट, उत्तम."

"तेलाची चाचणी मी स्वतः केलीय," पदवीधर म्हणाला. "मावशींना सगळीकडे खवटच वास यायला लागलाय. सवय."

बाकीच्या अकरा बरोबर आल्या. म्हणजे एक चुकली, किंवा एक फारच बरोबर आली. मॅनेजरांनी डोकं खाजवलं. त्या लॉटच्या वड्या गरम कपाटात चार दिवस ठेवायच्या, खवटपणा असेल तर उघडा पडेल, असं ठरलं.

"चालेल," मावशी म्हणाल्या. "पण चार दिवसांनी वास मी घेणार नाही. हा घेईल. खालच्या हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, डोळ्यांवर रुमाल बांधून."

"हा पोरखेळ आहे," पदवीधर म्हणाला.

"चौकशी आहे," मावशी म्हणाल्या. "तुझ्याच पद्धतीची."

त्या चार दिवसांत मावशी गाणं गुणगुणत खोके मोजत होत्या. आतल्या आत त्या तो प्रसंग इतक्या वेळा जगल्या की प्रत्यक्षात कमी पडेल की काय अशी त्यांना भीती वाटायला लागली.

कमी पडला नाही. साठ माणसं गोलाकार उभी. रुमाल मावशींनी स्वतः बांधला, गाठ जरा जास्तच आवळून. पहिली वाटी त्यांनीच त्याच्या नाकाखाली धरली. तिच्यात फिनेल होतं, मागच्या रांगेतल्या माणसाच्याही डोळ्यांत पाणी यावं इतकं.

पदवीधरानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्याच्या कपाळावर घाम आला.

"...गुलाब?"

या वेळचं हसणं मावशींनी डोळे मिटून ऐकलं. पहिल्या हसण्याचा आवाज कानातून धुऊन निघेपर्यंत ऐकलं. दुसरी वाटी गरम कपाटातल्या वडीची होती. ती पदवीधरापर्यंत पोचायच्या आत पुढच्या रांगेतल्या बायकांनी नाकाला पदर लावले. मॅनेजरांनी स्वतः हुंगून तोंड वाकडं केलं आणि लॉट थांबवायला सांगितलं. "मावशी, बाराच्या बारा," ते म्हणाले. "स्टूल तुमचं."

मावशींनी रुमाल सोडला. त्याखालचे डोळे लाल होते, पापण्या सुजलेल्या, तोंड श्वासासाठी अर्धवट उघडं. तो चेहरा त्यांनी कुठेतरी पाहिला होता. सात महिने रोज, आरशात.

"किती दिवस झाले?" त्यांनी हळूच विचारलं.

"कॉलेजपासून," पदवीधर तितक्याच हळू म्हणाला. "दर वर्षी या महिन्यांत काहीच कळत नाही. म्हणून तर मी यंत्रं नि चाचण्या... नाकावर कसा विश्वास ठेवणार माणूस?" त्याच्या खिशातून थेंबांच्या बाटलीचं टोक डोकावत होतं.

मावशींना त्याची दया आली. आली, त्यांच्याकडे पाहिलं, आणि आपलं इथे काही काम नाही हे ओळखून निघून गेली.

"माझं स्टूल वर नेऊन ठेव," त्या म्हणाल्या. "फायली लावायला म्हणून तू ते तळघरात टाकलंयस."

तीन जिने त्यानं ते जड लाकडी स्टूल खांद्यावरून नेलं, दर जिन्याला थांबून तोंडानं श्वास घेत. मावशी मागून सावकाश चढत होत्या. स्टूल खिडकीपासून किती अंतरावर असावं हे त्यांना चार वेळा हलवून पाहिल्यावर नक्की कळलं.

संध्याकाळी निघताना पदवीधर दारात घुटमळला. "मावशी, ती डॉक्टर... तुम्ही जाता ती. पत्ता द्याल का?"

मावशींनी हातातली पट्टी खाली ठेवली. या माणसामुळे त्यांनी आठवड्यांमागून आठवडे खोके मोजले होते. पत्ता त्या देणार होत्या. न द्यायला त्या काही राक्षस नव्हत्या.

"थेंब आजपासून बंद कर," त्या म्हणाल्या. "आणि डॉक्टर गावातच असते."

"गावात कुठे?"

"ते उद्या."

मंगळवारी त्यांनी त्याला सांगितलं की दवाखाना नदीच्या अलीकडे आहे. बुधवारी, की तो बाजाराच्या रस्त्यावर नाही. गुरुवारी तो सकाळी आठलाच दाराशी हजर होता, नाक लाल, हातात वही. मावशींनी बाहीत नाक खुपसलं, दोन श्वास घेतले, तीन वड्यांच्या चिठ्ठ्यांवर सह्या केल्या आणि मग त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "इमारतीला जिना आहे. लिहून घे."